कांगारूंची भावकी

शाहूपुरीतले एक पेंटर पाटी पूर्ण झाली की तीन पावले मागे सरत, मान कलती करत आणि मगच ब्रश धूत. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी माझा पिशवीवाल्या प्राण्यांच्या वंशवृक्षाचा तक्ता रंगवताना त्यांनी छोट्या कांगारूसारख्या वॉलबीला वेगळी फांदी दिली होती. फरक मुख्यतः आकाराचा आहे, कुळ कांगारूंचेच, हे मी समजावताच त्यांनी रंग वाळलेली ती फांदी खरवडून काढली आणि वॉलबी कांगारूंच्या फांदीवर आणली.

प्रदर्शनात परीक्षकांनी तिथेच बोट ठेवले. “इतकी लहान वॉलबी कांगारूंच्या कुळात? चूक आहे.” त्यांनी माझे गुण खोडले. मी उत्तर जुळवत होते, तोच तक्ता पाहायला आलेले पेंटर मागून गरजले, “पावणं, बारकं हाय म्हणून भावकीतनं काढायचं व्हय?”

मग मी शास्त्रीय कारण सांगितले. परीक्षकांनी हसून गुण पुन्हा लिहिले. मी तीन पावले मागे सरले, मान कलती केली आणि आमचा तक्ता पाहिला.