फीबी तुरुंगात का गेली?

मंडळी, आज शेजारच्या विन्स्टनबरोबर ब्रिस्टलच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात गेले होते. ते मूळचे जमैकाचे, रिटायर्ड बस ड्रायव्हर. म्हणाले, "डिग्री तुझ्याकडे आहे, जुनं अक्षर तूच वाच." घरातली पहिली ग्रॅज्युएट असल्यामुळे सगळ्यांची पत्रं वाचायची मला सवय आहेच.

त्यांना फीबीला शोधायचं होतं. ती त्यांची पाच पिढ्यांमागची आजी, जमैकात ब्रिस्टलच्या एका मालकाच्या मळ्यावरची गुलाम. ती तुरुंगात गेली होती, म्हणून घरात तिचं नाव कोणी घेत नसे.

"चोरी केली असणार," ते म्हणाले. "तरी नातीला खरं ते सांगायचंय."

उसाच्या मळ्यावरच्या शिक्षांच्या वहीत फीबी सापडली. परवानगी न घेता ती शेजारच्या मळ्यावर गेली होती, मालकाने तिथे विकलेल्या तिच्या मुलीला भेटायला. त्याबद्दल चाबकाचे फटके आणि तुरुंग.

त्याच पानावर खाली, एका मुकादमाने गुलामाचा हात मोडल्याची नोंद होती. त्याला फक्त समज दिली होती.

विन्स्टननी दोन्ही नोंदींवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दोन्ही नोंदी उतरवून घे. नुसती तिचीच वाचली तर लोक म्हणतील, कायदा मोडला ना तिने."

बाहेर पायरीवरूनच त्यांनी नातीला फोन लावला. "अगं, आपली फीबी लेकीला भेटायला गेली होती."

आमच्याकडेही बाबांच्या एका आत्याचं नाव कोणी घेत नाही. आज संध्याकाळी मी बाबांना विचारणार आहे. तुमच्या घरात असं कोण आहे? कधी विचारलंत का?