जावंच्या घरचं विरजण

त्या दिवशी ओसरीवर आमी चौघं व्हतो. मी, माझी सून, शाळंतून आलेली नात, अन् फोनमधी माझं पोरगं. मी सांगती तसं नात हे लिहून राहिली.

पोरगं फौजेत हाय. आपल्या देशानं त्याला शांतिसेनेत आफ्रिकेत धाडलंय. तिथं दोन गावांनी एकमेकाची घरं जाळली व्हती. आता लढाई थांबली, पर दोन्ही गावांच्या मधी एकच हापसा. एका गावच्या बाया असल्या की दुसऱ्या गावच्या येत न्हाईत. म्हणून हापशावर आपल्या पोरांचा पहारा. बाया पहाऱ्याबिगर एकत्र पानी भरू लागल्या तर चौकी उठंल, अन् माझं लेकरू घरी यील.

"साहेबांनी बैठका घेतल्या, दोन्हीकडं धान्याची पोती वाटली," पोरगं म्हन्लं. "घेतेत अन् पाठ फिरवतेत, माय."

मी म्हन्लं, "वाटून काय व्हतंय? त्यायच्यापाशी काहीतरी माग. मागणाऱ्याचं भ्या कोणाला वाटत न्हाई. विरजण माग."

सुनंनं पदर तोंडाला लावला. "आत्याबाई, तुमी मागितलं का कधी वरच्या घरी?"

वरचं घर म्हंजे माझ्या थोरल्या जावंचं. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलच्या पान्यापायी थोरल्या दिरानं माझ्या मालकाच्या हातावर फावडं घातलं व्हतं. त्या हातानं त्यायला पुन्हा मूठ आवळता आली न्हाई. पुढं शेतात मीच हळद लावली, मीच काढली, मीच शिजवली. मालक गेले, दीर गेले. आमी दोघी राहिलो, एकाच बांधाला, बारा वर्सं न बोलता.

"माय, तू मागशील तर मी मागीन," पोरगं म्हन्लं अन् फोन ठेवला.

दिवे लागल्यावर आमच्याकडं कोणी विरजण देत न्हाई. म्हणून ऊन असतानाच वाटी घेऊन गेले.

जाऊ दारातच बसली व्हती. "कोण मेलं?"

"कोणी न्हाई. विरजण पायजे."

"बारा वर्सं ताक पिली न्हाईस का?"

"पिले. आंबट लागायचं."

तिनं वाटी ओढून घेतली अन् काठोकाठ भरून आणली.

"इतकं कशाला, जाऊबाई? चमचाभर पुरे."

"गप. सांडू नको."

वाटी रिकामी परत धाडायची न्हाई, अशी आमची रीत. दुसऱ्या दिवशी ओल्या हळदीचं लोणचं घालून नेली. तिनं भाजलेल्या शेंगा घालून परत केली. तवापासून वाटी फिरूनच राहिली. एक दिस तिनं आपणहून इचारलं, "हात लई दुखायचा का गं त्यांचा?"

"थंडीत," मी म्हन्लं. तिनं मान खाली घातली. मी तिच्यापाशी बसून राहिले.

मग पोराचा फोन आला. त्यानं हापशावर आलेल्या एका म्हातारीपाशी आंबट दूध मागितलं. ती हसली, अन् वाळल्या भोपळ्याच्या भांड्यात भरून दिलं. ते बघून लांब थांबलेली दुसऱ्या गावची बाई पुढं आली. दुभाष्यानं सांगितलं, ती म्हणती आमचं याच्यापरीस घट्ट असतंय. दोघी हापशापाशी भांडत बसल्या.

"भांडू दे," मी म्हन्लं. "भांडायला तरी जवळ आल्या ना?"

चौकी अजून उठली न्हाई. मी वाट बघून राहिली.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यासाठीबी एखादं दार बंद असंल, तर दिवे लागायच्या आत वाटी घेऊन जा. अन् ती रिकामी परत करू नका.