शिदोरी व्हायची आहे

सटाण्याहून मी नाशिकला परत आले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. कान पुढे सुधारला. बाकीच्याला वेळ लागला.

नवरा कांद्याच्या व्यापारात होता. मारायचा. सुरुवातीला मी कारणं शोधायचे, म्हणजे ती टाळता येतील. पण भाजीत मीठ कमी पडलं तरी हात उठायचा आणि बेताचं पडलं तरी उठायचा. तेव्हा शोधणं सोडलं. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

वडील सरकारी कचेरीत कारकून होते, घर दोन खोल्यांचं. पहिले काही दिवस मला कुणी काही विचारलं नाही. मग नांदगावकडून थोरले काका आले. आमच्यात मुलगी माहेरी येऊन राहिली की घरातली जाणती माणसं बसतात आणि ठरवतात. मुलीने तोवर स्वयंपाकघरात थांबायचं. चहा संपेपर्यंत त्यांचं ठरलं: दुपारच्या एसटीने पाठवायची. जावयाला दोन शब्द सांगू, सुधारेल.

"घरात विचार, शिदोरी झाली का," काका वडिलांना म्हणाले.

सासरी जाणारी लेक रिकाम्या हाताने जात नाही. सांजोऱ्या, करंज्या, निदान लाडू तरी. टोपली भरायची आणि वरून नवं फडकं बांधायचं. तशीच पाठवली तर आईबापांची अब्रू जाते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पिठाच्या डब्याकडे बघत बसले होते. तिने डब्याचं झाकण दाबून लावलं, डोक्यावर पदर घेतला आणि दाराआडून म्हणाली, "शिदोरी व्हायची आहे, भाऊजी. रवा संपलाय."

"मग आण म्हणावं. बाजार काय लांब हाय?"

"उद्या अमावस्या. अमावस्येच्या तोंडावर लेकीची शिदोरी करतात का कुठे?"

काका स्वतः याच नेमाने चालणारे. त्या दिवशी ते एकटेच एसटीत बसले.

तेव्हापासून आमच्या घरात शिदोरी व्हायचीच राहिली. कधी पितृपक्ष, कधी आषाढ, कधी गूळच चांगला मिळत नाही, कधी आईचा हात भाजलेला. आई एरवी खोटं बोलायची नाही. या एका बाबतीत मात्र तिने कारणांचा साठा व्यवस्थित राखला होता. काकांचा निरोप आला की आम्ही दोघी निवडत बसायचो, मागच्या वेळी कुठलं वापरलं आणि आता कुठलं चालेल. सणवारांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

वडिलांच्या ओळखीने मला सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं. नटबोल्ट मापाप्रमाणे लावायचे, मागतील तसे द्यायचे, संपायच्या आधी मागवायचे. मला ते फार मानवलं. संध्याकाळी जी वस्तू जिथे ठेवली ती सकाळी तिथेच असायची. ज्या घरात कशाचाच नेम नव्हता तिथून आलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

एकदा माझ्या मागे पत्र्याचा डबा पडला आणि मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले. माझ्याबरोबर स्टोअरमध्ये एक बाई होती, वयाने मोठी, चार मुलांची आई. म्हणाली, "अगं बाई, डबा पडलाय. आभाळ नाही." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागून येताना ती लांबूनच ओरडायची, "बाजूला व्हा, गाडी येतेय!" सगळे हसायचे, मीही हसायचे. तिचं बघून बाकीच्या बायकाही ओरडायला लागल्या. पुढे केव्हातरी तिने ओरडणं सोडलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही. तिनेच सांगितलं. "कधीची गुपचूप येतेय तुझ्या मागून. आता दचकत नाहीस तू."

मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटली.

लग्नकार्यात कुणीही नात्यातली बाई भेटली की एका दमात दोन प्रश्न विचारायची: "आता कशी आहेस? मग कधी जाणार?" बरं होणं म्हणजे परत जाण्याजोगं होणं, असं सगळ्यांनी धरलं होतं. पिशवीचा उसवलेला बंद शिवायचा आणि ती पुन्हा त्याच खिळ्याला टांगायची, तसं. आणि मीसुद्धा तसंच धरून चालले होते. शांत झोप लागली की सकाळी वाटायचं, चला, आणखी एक सबब संपली. म्हणजे इतके दिवस मी बरं व्हायलाच घाबरत होते. हे ज्या दिवशी मला समजलं त्या दिवसापासून मी त्यावर नीट विचार करायला लागले. तो विचार पुरा झालाय की नाही हे माझं मलाच माहीत नव्हतं, तेवढ्यात काका आले. सत्तरचं दशक तोवर सरलं होतं.

या वेळी त्यांच्या हातात टोपली होती, वर नवं फडकं बांधलेलं.

"तुझ्या काकूनं केल्यात सांजोऱ्या," ते मला म्हणाले. "आता रवा नाय, गूळ नाय, अमावस्या नाय. पंचांग बघून आलोय."

आई दाराशी उभी होती. तिच्याजवळ आज काही शिल्लक नव्हतं. मी नुकतीच पहिल्या पाळीवरून आले होते. आत गेले नाही, काकांच्या समोर चटईवर बसले.

"तब्येत बी लय सुधारली तुझी," काका म्हणाले. "आता काय अडचण हाय?"

"अडचण काही नाही, काका. बरी झाले म्हणूनच जात नाही."

"हे कुठलं उलटं?"

"तशीच राहिले असते तर कदाचित गेले असते. तेव्हा मला वाटायचं, चूक माझीच आहे."

वडील घडी घातलेल्या पेपरची पुन्हा घडी घालत होते.

"आन् लोक काय म्हणतील?"

"ते म्हणून झालं, काका. नांदगाव लांब पडतं, म्हणून तुम्हाला कळलं नसेल."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती.

काकांनी टोपली पुढे ओढली. मग त्यांनीच फडक्याची गाठ सोडली. "खा मग आता. परत नेल्या तर तुझी काकू मलाच घरात घ्यायची नाय." आम्ही चौघांनी चहाबरोबर सांजोऱ्या खाल्ल्या. एसटीच्या हादऱ्यांनी बऱ्याचशा फुटल्या होत्या.

"मंग सोडचिठ्ठीचं बघावं लागंल," कप खाली ठेवत काका म्हणाले. "वकील, कोर्ट. तुझ्या बापाला नाय जमायचं ते. मी येतो संगं."

मी म्हटलं, "शनिवारी या. कारखान्याला सुट्टी असते."