काट्यावरची बॅग

रिसोडच्या धान्यबाजारात मी चौतीस वर्षं मापारी होतो. मापारी म्हणजे शेतकरी आणि अडत्या यांच्या मधोमध काट्यापाशी उभा राहणारा माणूस. त्याच्यावर दोघांचाही विश्वास नसतो. माझाही दोघांवर नव्हता. तळाशी ओलं सोयाबीन भरून वर वाळलेलं पसरणारे शेतकरी मी पाहिले, आणि गप्पा मारता मारता काट्याला हळूच पाय लावणारे व्यापारीही पाहिले. त्यामुळे एक खोड लागली. कुणी काही सांगितलं की तो लपवतोय काय, हे मी आधी शोधतो.

दुसरी गोष्ट मिळाली ती हाताची. वस्तू उचलली की तिचं वजन मला कळतं. मुलगी लहान होती तेव्हा घरातलं दिसेल ते माझ्या हातात आणून द्यायची. वरवंटा, पाण्याचा तांब्या, एकदा तर शेजारचं मांजर. आणि विचारायची, "किती भरलं, बाबा?" मी सांगायचो. मग ती वस्तू घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पळायची आणि खरं करून यायची. मांजर तेवढं काट्यावर थांबलं नाही.

ती आता नवऱ्याबरोबर बंगळुरात राहते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं. सातवा संपल्यावर तिनं विमानानं नागपूरला यायचं आणि तिथून आम्ही तिला घरी आणायचं, असं ठरलं. जावयानं शुक्रवारचं तिकीट काढलं. पोटुशीला विमानात घ्यायला डॉक्टरचं पत्र लागतं, आणि ते तीन दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. पत्र बुधवारी घेतलं. गुरुवारी कंपनीचा मेसेज आला की शुक्रवारचं विमान रद्द झालं आहे आणि तुम्हाला रविवारच्या विमानात जागा दिली आहे. शनिवारी नवं पत्र घ्यायला गेली, तर नेमक्या डॉक्टरीणबाई बाहेरगावी. रविवारी मुलगी विमानतळावर गेली, तर पत्र चार दिवसांचं झालंय म्हणून काउंटरवरूनच तिला परत पाठवलं.

हे तिनं मला फोनवर सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षर मला पटलं नाही.

विमान कंपनीनंच पुढं ढकललं, आणि जुनं झालं ते पत्र? वर डॉक्टरीणबाईही त्याच दिवशी गावाला? इतकी घट्ट बसणारी गोष्ट मी बाजारात ऐकली असती तर पोतं उलटं करून पाहिलं असतं. मला लग्नातलं एक वाक्य आठवलं. जावयाची आई हसत म्हणाली होती, आमच्याकडे दवाखान्यांच्या सगळ्या सोयी आहेत हो. तेव्हा ते वाक्य कानाआड केलं होतं. आता ते उकरून काढलं आणि मनातल्या मनात सगळा हिशेब जुळवून टाकला. पोरीला माहेरी यायचंच नव्हतं, किंवा येऊ दिलं नव्हतं.

"येयाचं नसन तर तसं सांग ना, माय," मी म्हणालो. "इमानाच्या नावावर कायले खपवून राह्यली?"

पलीकडून फोन बंद झाला.

पुढच्या आठवड्यात तिचा रक्तदाब वाढला, डॉक्टरीणबाईंनी नवं पत्र द्यायला नकार दिला. रेल्वेचे हादरेही नकोत म्हणाल्या. तिचं येणं राहिलं ते राहिलंच. तीन आठवडे तिचा फोन रोज यायचा, पण मी उचलला की एवढंच म्हणायची, "आईले द्या." मी फोन देऊन ओसरीत जाऊन बसायचो. आपली पोर आपल्याला तुटली की काय, या विचारानं मला जेवण जाईना. पण चूक माझी असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

बायको म्हणाली, "आता आपुनच जाऊ."

जावई तिकीट काढून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. त्यानं काढलेल्या तिकिटाचं काय होतं ते पाहिलं होतं. आमच्याकडे एक बाई ऑनलाइन सेंटर चालवतात, सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत सगळं तिथं होतं. त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी तिकिटाचा भाव दाखवला. मी बायकोला फोन करून विचारलं, फोन ठेवला, तर भाव चढलेला.

"कोन बोली लावून राह्यलं?" मी विचारलं.

"कोनीच नाही, काका. तो आपोआप वाढते."

आमच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, भाव वाढला तर वाढवणारा समोर उभा असतो, त्याची टोपी दिसते. इथं कुणीच नाही आणि भाव वर. शिवाय खिडकीची जागा, खाणं, विमा, असल्या चौकटींत आपण न सांगता आधीच बरोबरची खूण केलेली. बाईंनी एकेक खूण काढली. या बाबतीत माझा संशय आजही कायम आहे, आणि तो मी सोडणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला. दुपारचं विमान आता सकाळीच सुटेल, नवी वेळ पाहायला खाली बोट लावा. असल्या मेसेजला बोट लावून आमच्या गल्लीतल्या एका मास्तरचं खातं रिकामं झालं होतं. मी तो पुसून टाकला. बायकोनं मात्र गुपचूप मुलीला विचारलं. मुलीनं तिकडून पाहून सांगितलं, मेसेज खरा आहे, पहाटेच निघा.

म्हणजे विमान खरंच असं एका मेसेजवर सरकतं. मला ते आवडलं नाही. पण गाडीवाल्याला लवकर यायला सांगितलं.

शेलूबाजारला महामार्गाला लागलो तेव्हा उजाडत होतं. बॅग माझ्या पायाशी होती. पंधरा किलोची मर्यादा, म्हणून मी ती आदल्या दिवशी ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर ठेवली होती. तेरा किलो आठशे भरली होती. विमानाचे हमाल बॅगा उघडतात असं ऐकलं होतं, म्हणून दाभण आणि सुतळी घेऊन, पोत्याचं तोंड शिवतात तशी मी तिची चेन शिवून टाकली. बायको दारात उभी राहून बघत होती.

नागपूरच्या काउंटरवर बॅग ठेवली. आकडा आला पंधरा किलो सातशे.

"तुमचा काटा खोटा हाय," मी म्हणालो.

काउंटरवरची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची असेल. तिनं बॅग उतरवायला सांगितली, काटा शून्यावर आलेला दाखवला आणि बॅग पुन्हा ठेवली. पंधरा सातशे. मी म्हटलं, शेजारच्या काट्यावर ठेवा. तिनं ठेवली. तिथंही तेच. मी खाली वाकून कुणाचा पाय लागलाय का तेही पाहिलं. मागं रांग वाढत होती, लोक सुस्कारे टाकत होते.

"मोजून झाल्यावर म्या दाळ टाकली," बायको हळूच म्हणाली. "घरची तुरीची. तिले आवडते. दोन किलोच्या आतच हाय."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुमी काहाडून ठेवली असती. अन् मंग लगेच शिवत बसले. तुमाले कोनाचाच भरोसा नाही, बाप्पा."

सगळ्या रांगेसमोर मी दातांनी सुतळी तोडली, डाळीची पिशवी काढून हातात घेतली. काटा खरा होता. चौतीस वर्षांत मी भरल्या माणसांत कधी खऱ्या काट्याला खोटं म्हटलं नव्हतं. मला लाज वाटली. त्या मुलीनं बॅगेच्या मुठीला कागदाची लांब पट्टी चिकटवली. ती कशाची, असं मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ती म्हणाली, "काका, बॅग कुठं उतरवायची ते यावर असतं. हे तुमचं बंगळूर. तिकडून परत येताना या जागी नागपूरची तीन अक्षरं येतील." आणि माझ्या तिकिटावर नागपूरची ती अक्षरं कशी दिसतात, तेही तिनं बोट ठेवून दाखवलं.

विमानात माझं लक्ष बाहेर नव्हतं. डाळ मांडीवर घेऊन मी विचार करत होतो, मुलगी दारात आल्यावर काय बोलेल.

दार तिनंच उघडलं. पोट मोठं झालं होतं, पाय सुजले होते, तरी वाकायला गेली. मी अडवलं. आईच्या गळ्यात पडली, डाळ हुंगून पाहिली आणि दोघी आत गेल्या. जावयानं पाणी दिलं. त्याचा नम्रपणाही मला जास्तच वाटला. आमची बॅग ठेवायला जागा हवी म्हणून तो म्हणाला, "बाबा, त्या दारामागं ठेवू का? तिथली जरा सरकवतो."

"राहू द्या, मी सरकवतो," मी म्हणालो.

दारामागं एक लाल बॅग उभी होती. रिकामी समजून मी ती एका हातानं उचलली. ती रिकामी नव्हती. हात खाली ओढला गेला, आणि हातानं त्याच्या सवयीप्रमाणे वजन सांगून टाकलं. मग मुठीकडे लक्ष गेलं. तिथं कागदाची लांब पट्टी होती, कडेनं मळलेली. तिच्यावर नागपूरची तीन अक्षरं होती. तारीख त्याच रविवारची.

बॅग हातात तशीच धरून मी उभा राहिलो. चेन थोडी उघडी होती. आत झबली होती, दुपटं होतं, आणि तिचा तो जुना गाऊन, जो ती फक्त आमच्या घरी घालते. तीन आठवड्यांत कुणी तिला हात लावला नव्हता.

"किती भरली, बाबा?"

ती मागं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या दिवसांनी तिनं मला स्वतःहून काही विचारलं होतं.

"चौदा," मी म्हणालो. "चौदा अन् वर थोडी."

"चौदा दोनशे," ती म्हणाली. "एअरपोर्टच्या काट्यानंबी तेवढंच दाखवलं होतं. पट्टी लावली, बॅग आत सोडनारच होते. मंग काउंटरवरच्या बाईनं माह्या पोटाकडं पाह्यलं अन् पत्र मांगलं."

मी बॅग खाली ठेवली.

"माहं चुकलं, माय."

"रिकामी नाही केली म्या ती," ती म्हणाली. "मले वाटे, तुमी फोन करसान, अन् म्हनसान, ये."