मेंढरांच्या वाटेवरची माती

ती घटना आजही आठवते, आणि या महिन्यात जरा जास्तच आठवते आहे. माझे एक मित्र गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नींनी एक पत्र्याचे नळकांडे माझ्या हातात ठेवले. खाली नरसाळे, मध्ये उघडझाप करणारी झडप. "हे तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं त्यांनी," एवढेच त्या बोलल्या. मित्र कराडच्या अभियांत्रिकी कॉलेजात मातीचा विषय शिकवत. आमची ओळख याच नळकांड्याने करून दिली होती.

सत्तरच्या दशकातला मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी माण तालुक्यात फौजदार होतो. एका गावाला दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव पुढच्या वर्षी परतीच्या पावसात भरला आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी फुटला. माणूस दगावला नाही, पण खालच्या दोन विहिरी गाळाने बुजल्या आणि रानांतली माती ओढ्याने नेली. मी कृष्णाकाठच्या उसात वाढलेला. त्या गावाने काय गमावले हे मला समजायला वेळ लागला.

कामावरच्या ओव्हरसियरने फिर्याद दिली. गावातला एक मेंढपाळ मनाई असताना रोज कळप घेऊन तलावाचा मातीचा भराव ओलांडतो, खुरांनी माती उकरली गेली, तिथून पाणी शिरले आणि भराव फुटला, असे त्याचे म्हणणे. साक्षीदार भरपूर होते. सगळ्या गावाने त्याला कळप नेताना पाहिले होते आणि सगळे गाव चिडलेले होते. मेंढपाळाला अटक झाली, कळप कोंडवाड्यात गेला.

साठीकडे झुकलेला माणूस. प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देई. कळप भरावावरून नेत होतास का? "नेत हुतो की. मेंढरू एकदा धरल्याली वाट सोडत न्हाई, सायेब." काम चालू होते तेव्हाही? तेव्हाही. पलीकडे कशाला? "पाण्याला." काम चालू असलेल्या उन्हाळ्यात पंचक्रोशीतल्या विहिरींचे तळ दिसत होते, म्हणून सहज विचारले, पाणी कुठले? तो गप्प झाला. दटावून झाले, समजावून झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून झाले. पाणी आले की तो जमिनीकडे बघे. आमचे हवालदार वैतागून म्हणाले, "सायेब, मानसं खून कबूल करत्यात. ह्यो गडी पाणी कबूल करंना."

माझा अनुभव असा की खोटे बोलणाऱ्याकडे उत्तर तयार असते. गप्प राहणारा बहुधा काहीतरी राखत असतो, आणि ते नेहमी स्वतःचेच असते असे नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. कोंडवाड्यात चारा पुरत नव्हता, दोन कोकरे मेली होती, एक मेंढी व्यायला झाली होती. पाला आत न्यायची परवानगी तिला हवी होती. ती दिली. जाताना दारात थांबून म्हणाली, "आवं सायेब, मेंढरांची वाट अजून हुबी हाय. फुटलंय ते पल्याड. एकदा डोळ्यांनी बगा तरी."

खरे तर हे मी आधीच बघायला हवे होते. पंचनामा हवालदारांनी केला होता आणि मी त्यावर सही केली होती. गेलो तर खिंडार मेंढरांच्या वाटेपासून चाळीस पावलांवर होते, आणि वाटेचा भाग जसाच्या तसा. ओव्हरसियरला दाखवले. तो शांतपणे म्हणाला, माती एकीकडे सैल झाली की पाणी आतून हवे तिकडे वाट काढते. मला पुस्तके वाचायची सवय, पण मातीवरचे एकही वाचलेले नव्हते.

म्हणून एसटीने कराड गाठले. कॉलेजातल्या त्या प्राध्यापकांनी सगळे ऐकून घेतले, आरोपीबद्दल काही विचारले नाही. म्हणाले, "माती बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही." रविवारी ते स्वतःच आले. सोबत हे नळकांडे, तराजू, आणि धुऊन वाळवलेल्या बारीक वाळूची पिशवी.

पंच बोलावले. मेंढपाळालाही आणले. निम्मे गाव जमले. प्राध्यापकांनी भरावात वीतभर खोल, वाटीसारखा गोल खड्डा कोरला आणि निघालेली माती कणही न सांडता तोलली. मग त्या खड्ड्यावर नळकांडे ठेवून झडप उघडली. वाळू आपसूक उतरत गेली आणि खड्डा भरल्यावर थांबली. किती वाळू उतरली त्यावरून खड्डा केवढा ते कळते, आणि तेवढ्या जागेत माती किती वजनाची बसली होती हेही कळते. माती जितकी घट्ट दाबलेली, तितकी जड. मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो. मेंढपाळ हवालदारांना म्हणाला, "आता मातीचा जबाब घ्या लागलाय व्हय?"

खिंडाराच्या दोन्ही बाजूंची माती हलकी निघाली. हातात घेतली तर ढेकळे, आणि ढेकळांच्या मधे पोकळी. मेंढरांच्या वाटेवर मात्र कुदळ उसळत होती. प्राध्यापकांनी तिथे खाली, आणखी खाली खणून पुन्हा पुन्हा तोलले. पार कमरेइतक्या खोलीपर्यंत माती तशीच जड.

हात झटकून ते म्हणाले, "भराव थराथरानं चढतो. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा असतो. तिकडं माती कोरडीच टाकली आहे. रोलर फिरला असेल, पण कोरडी ढेकळं दबत नाहीत, तलाव भरला की आत विरघळतात. इथं मात्र रोज पाणी पडलंय आणि रोज कुणीतरी तुडवलंय. फौजदारसाहेब, या माणसानं तलाव फोडलेला नाही. एवढा तुकडा तरी त्याच्या मेंढरांनी नीट बांधलाय."

मी मेंढपाळाकडे वळून विचारले, इथे पाणी कुठून आले? तो जमिनीकडे बघू लागला.

गर्दीतून कामावरचा मुकादम पुढे आला. पलटणीतून परतलेला, ताठ चालीचा माणूस. आधीच्या जबाबात त्याने 'मला माहिती नाही' एवढेच सांगितले होते.

"पानी मी दिलं," तो म्हणाला. "माती भिजवायचा टँकर रोज हितंच, वाटंच्या पल्याडच्या कडंला हुबा ऱ्हायाचा. प्यायचा टँकर चार-चार दिस यायचा न्हाई, बाया उन्हात पडाय लागल्या. मग आदी त्यांच्या घागरी भरल्या, मग ह्याच्या मेंढरांस्नी डोण भरली. सांडलं ते ह्या वाटंवर, बाकी माती ऱ्हायली कोरडी. कळलं तर टँकर बंद हुईल, म्हून ह्याला बिरोबाचा भंडारा उचलून आन घ्याय लावली, कुणाला सांगायचं न्हाई."

मेंढपाळाने पहिल्यांदाच मान वर केली. "न्हाई बोलायचं ठरलं हुतं की, मुकादम."

"तुजी कोकरं मेली रं," मुकादम म्हणाला.

गर्दीतल्या ज्या बायांनी त्या घागरी भरून नेल्या होत्या, त्यांतल्या काहींच्या नवऱ्यांचे जबाब माझ्या फायलीत होते.

कामाची वही मागवली. रोज 'पाणी मारून दाबाई केली' अशी नोंद, खाली ओव्हरसियरची सही. दाबाईच्या वेळी तो आठवड्यातून एकदाही भरावावर चढत नव्हता, हे मग मजुरांनीच सांगितले. ती सही वाचताना मला पंचनाम्यावरची माझी सही आठवली.

मेंढपाळाची सुटका केली, कळप त्याच दिवशी सोडला, कोर्टात सी समरी, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल, पाठवली. मुकादमाचा जबाब मात्र आठ दिवस टेबलावर होता. शेवटी घडले तसे लिहून खात्याकडे अहवाल धाडला. ओव्हरसियरची बदली झाली. मुकादमाचे काम गेले. ते मला तेव्हा लागले, अजून लागते. पण त्याचे पाणी लपवले असते तर ठपका मेंढपाळाच्या मेंढरांवरच राहिला असता.

पुढच्या उन्हाळ्यात खिंडार बुजवले. रोलर वेळेवर येईना, तेव्हा प्राध्यापकांनी सुचवले की थर भिजवा आणि कळप फिरवा. मेंढीच्या पायासारख्या खुंट्यांचा रोलर असतोच, त्याचे नावही मेंढीवरून पडले आहे, असे त्यांनी मला हसत सांगितले. कामावर नसतानाही मुकादम रोज येऊन पाणी मारत होता. प्रत्येक थरावर हे नळकांडे टेकले. तो भराव पुढे कधी फुटला नाही.

त्यानंतर परक्या हातच्या पंचनाम्यावर मी जागा बघितल्याशिवाय सही केली नाही. शिकलो ते एवढेच, आणि त्यासाठी दोन कोकरांचा जीव गेला.

परवा घरामागे वीतभर खड्डा कोरला, नळकांड्यात वाळू भरली आणि झडप उघडली. खड्डा लहान होता. तरी वाळू थांबायला मला वाटले होते त्याहून बराच वेळ लागला.