नीवेसचा डावा पाय

सकाळी सव्वासहाला एर्सीलियानं कॉफीच्या दुकानात पाऊल टाकलं रे टाकलं की गौदेन्झिओ काउंटरमागून विचारणार, "काय सिन्योरा, गेली का गाडी?" अकरा वर्षं हा एकच प्रश्न. आधी तो खरंच विचारायचा, मग चेष्टेनं विचारायला लागला, आणि आता तर आपण काय विचारतोय हेही त्याच्या लक्षात येत नसावं. एर्सीलियाला मात्र दर वेळी नव्यानं राग यायचा.

"गेली असती तर तुझी ही करपलेली कॉफी प्यायला आले असते का मी?" असं म्हणून ती दोन घोटांत कप रिकामा करायची आणि कामावर निघायची.

गाडी म्हणजे नीवेस. कागदोपत्री तिचं नाव हातभर लांब आहे, पण ते कुणी घेत नाही. गुडघ्यात वाकणाऱ्या सहा पायांवर सहा चाकं, उंच मान, मानेवर दोन डोळे आणि पोटाशी दोन मीटर खोल भोक पाडणारं गिरमिट. मंगळावर उतरायचं, जमीन पोखरायची आणि तिथं कधीकाळी काही जिवंत होतं का ते हुडकायचं, हे नीवेसचं काम. आणि ती निघेपर्यंत तिच्या अंगावर इथलं काही जिवंत राहू द्यायचं नाही, हे एर्सीलियाचं.

"एक जंतू जरी तिच्याबरोबर गेला ना," ती गौदेन्झिओला सांगायची, "तर ही बया तिकडे जाऊन भोक पाडणार, त्यात तो सापडणार, सगळं जग नाचणार, आणि शेवटी तो निघणार आपल्या कॉर्सो राक्कोनीजीच्या बाजारातला! तुझ्या बोटांवरचा असेल तर मला नवल वाटणार नाही."

शहराच्या पश्चिम टोकाला एका लांबट इमारतीत नीवेसची खोली होती. आत जायचं तर आधी पांढरा अंगरखा, टोपडं, तोंडावर पट्टी, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि पायात पिशव्या. अत्तर नको, तोंडाला क्रीम नको, आदल्या दिवशी केस रंगवलेले असतील तर यायचंच नाही. फडक्याच्या आठ घड्या. एक घडी एकदाच फिरवायची, एकाच दिशेनं, परत मागं आणायची नाही. एर्सीलियानं हे सगळं अकरा वर्षं केलं आणि एकदाही चुकली नाही. चुकायचे ते इंजिनिअर. पट्टीखाली बोट घालून दाढी खाजवायची आणि मग काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं उभं राहायचं. एर्सीलिया काही बोलायची नाही, नवा हातमोजा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची. तेवढं पुरायचं.

पण ती बया जाईल तर शपथ! मंगळाकडे निघायचा मुहूर्त दर सव्वीस महिन्यांनी येतो. पहिल्यांदा पॅराशूट फाटलं. दुसऱ्यांदा फाटलेलं पॅराशूट शिवलं, तर ते पुन्हा फाटलं. तिसऱ्यांदा ज्यांचं रॉकेट होतं त्यांच्याशीच बिनसलं. चौथ्यांदा नखाएवढी एक झडप गळते असं निघालं. दर वेळी आधी केक कापला जायचा, फोटो निघायचे, आणि मग एक दिवस सगळे मान खाली घालून फिरायला लागायचे. एर्सीलिया फडकं उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागायची.

हा नुसता कंटाळा असता तर तिनं तो गिळला असता. पण मध्ये देल्फीनो होता. देल्फीनो म्हणजे तिचा नवरा. चौतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात नटबोल्ट आवळलेला माणूस. नीवेसला सहा चाकं आहेत म्हटल्यावर तिला तो आपल्या कुटुंबातलीच समजायचा. दुसऱ्या वेळचं पॅराशूट फाटलं तेव्हा तो अंथरुणावर होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, आणि एर्सीलियानंही ती पोचवली नाही. जुलैच्या एका दुपारी, मुहूर्ताच्याच आठवड्यात, त्यानं डोळे उघडून विचारलं, "गेली का गं?"

"गेली," एर्सीलिया म्हणाली. "काल सकाळी गेली. छान गेली." आणि तिचा हात आपोआप पलंगाच्या लोखंडी दांडीवर गेला.

"चला," देल्फीनो म्हणाला, "सुटलीस एकदाची." त्यानंतर तीन दिवसांनी तो गेला.

सदतीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी खोटं बोलली ते एवढं एकदाच. त्याला आता सहा वर्षं झाली होती. तीस जूनला तिची नोकरी संपणार होती आणि नीवेसला त्या इमारतीतून न्यायला ट्रक येणार होता बारा जूनला. ती या दारातून बाहेर पडलेली आपल्या डोळ्यांनी बघायची, म्हणजे उशिरा का होईना, ते खोटं खरं होईल, एवढंच एर्सीलियाला हवं होतं. पुढं ती मंगळावर पोचते की खड्ड्यात पडते, ते इंजिनिअर लोकांनी बघून घ्यावं.

आणि मे महिन्यात तो डाव्या पायाचा घोळ सुरू झाला.

फोस्का रेवेल्ली ही तिथली जंतूंची डॉक्टर. ओल्या बोळ्यानं ती नीवेसचं अंग ठिकठिकाणी पुसायची आणि त्यातून काय वाढतं ते तीन दिवस बघायची. सगळीकडे चोख. फक्त डाव्या मागच्या पायाच्या गुडघ्यावर जंतू, तेही मर्यादेच्या चौपट. एर्सीलियानं पुन्हा पुसलं. आठवड्यानं पुन्हा बोळा फिरवला, पुन्हा चौपट.

"तिसऱ्यांदा असंच आलं तर पाय खोलायचा, भट्टीत घालायचा, पुन्हा जोडायचा," फोस्का म्हणाली. "म्हणजे बारा जून विसरा. पुढचा मुहूर्त सव्वीस महिन्यांनी."

सव्वीस महिन्यांनी ती घरात मटार सोलत बसलेली असणार होती.

त्याच दुपारी प्रमुख इंजिनिअर वाल्फ्रे यांनी तिला बोलावून घेतलं. उंच, सौम्य माणूस, वाईट बातमी फार सभ्यपणे देणारा. "सिन्योरा, तुमच्यावर कुणाचा संशय नाही," त्यांनी सुरुवात केली. म्हणजे संशय आहे हे तिला कळलं. "पण वय होतं माणसाचं. नजर कमी होते. सोमवारपासून बाहेरची माणसं येतील. तुम्ही आराम करा."

"इंजिनिअर, त्या खोलीत माझ्याइतकं स्वच्छ कुणी नाही. तुम्ही तर नाहीच."

"हे मी मनावर घेत नाही."

"घ्या ना! घ्या मनावर! अकरा वर्षं पॅराशूट फाटलं, भांडणं झाली, झडप गळली, तेव्हा माझी नजर कुणी तपासली नाही. आता एक पाय घाण निघाला तर खापर फडकेवालीच्या डोक्यावर?"

वाल्फ्रे चष्मा पुसत राहिले. एर्सीलिया दार आपटून बाहेर आली.

सोमवारला सहा दिवस होते. बुधवारी तिला आत काम नव्हतं, म्हणून पाहुण्यांसाठी असलेल्या सज्जात जाऊन ती काचेतून खाली बघत बसली. खाली दहाची बैठक चालू होती. सात पांढरे अंगरखे नीवेसभोवती उभे. कुणी नीवेसच्या जवळही हात नेत नव्हतं, सगळे नियमानं वागत होते. एकानं मध्येच दाराची मूठ धरली, दुसऱ्यानं ढकलगाडी सरकवली, तिसऱ्यानं तोंडावरची पट्टी नीट केली. असल्या कशालाही हात लागला तर नीवेसला शिवायच्या आधी हातमोजा बदलायचा, हे सगळ्यांना पाठ. आणि कामाच्या वेळी बदलतही होते; आता तर नुसती बैठक होती. एर्सीलियाला काही सापडेना. तिचं डोकं दुखायला लागलं.

बैठक संपता संपता वाल्फ्रे यांचा आवाज ध्वनिवर्धकातून आला, "तर मंडळी, पायाचा घोळ सुटला की झालं. यावेळी नीवेस जाणार म्हणजे जाणारच."

आणि सात हात एकदम खाली गेले. नीवेसच्या डाव्या मागच्या पायाच्या गुडघ्यावर.

एक क्षणभर टेकले आणि उचलले गेले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणाचं बोलणंही थांबलं नाही. चांगलं बोललं की लोखंडाला हात लावायचा, नाहीतर दृष्ट लागते. हे आमच्याकडे पोर चालायच्या आधी शिकतं. एर्सीलियानं खाली बघितलं, तर तिचा स्वतःचा हातही काचेच्या लोखंडी चौकटीवर होता.

"अरे देवा!" ती ओरडली आणि काचेवर दोन्ही मुठी आपटायला लागली. खाली सात टोपडी वर वळली. "गाढवांनो! शहाण्यांनो! हात काढा तिच्यावरचा!"

वाल्फ्रे यांनी आधी साफ नाकारलं. आपल्या खोलीत टेबलामागे बसून म्हणाले, "सिन्योरा, आम्ही विज्ञानाची माणसं. असल्या गोष्टी करत नाही. नीवेसला विनाकारण कुणीही हात लावलेला नाही, मी खात्रीनं सांगतो." आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच खरी डोकं फिरवणारी गोष्ट होती. शकुनासाठी लावलेला हात हा हात लावण्यात कुणी धरलाच नव्हता.

"बरं," एर्सीलिया म्हणाली. "मग माझ्यासाठी एकदा म्हणा. बारा जूनला नीवेस नक्की जाणार."

"बारा जूनला नीवेस नक्की जाणार," वाल्फ्रे म्हणाले, आणि त्यांचा डावा हात खुर्चीमागच्या, खोली ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर गेला.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. दारात उभ्या असलेल्या फोस्कानं तोंड दाबून हसू आवरलं.

"आणि वर ते लोखंडही नाही!" एर्सीलियाचा राग आता कुठं चढायला लागला होता. "टायटॅनियम आहे टायटॅनियम! तुम्हीच शिकवलंत मला. भलत्याच धातूला हात लावताय, मग दृष्ट लागेल नाहीतर काय होईल?"

"इतक्या वर्षांत आधी कधी कसं नाही सापडलं?" वाल्फ्रे यांनी कसंबसं विचारलं.

"कारण आधी तिच्याशेजारी सामान टेकवायचा लोखंडी घोडा होता, सगळे त्यालाच हात लावायचे," फोस्का म्हणाली. "एप्रिलमध्ये आपण तो हलवला."

दुसऱ्या दिवशी एर्सीलिया घरून देल्फीनोचा मोठा पाना घेऊन आली. अस्सल लोखंड, दीड किलो वजन. कपडे बदलायच्या खोलीत, आतल्या दाराच्या अलीकडे, तिनं खिळा ठोकून तो टांगला आणि सगळ्यांना समोर उभं केलं. "जे काही शुभ बोलायचं ते इथं बोला. इथं हात लावा, हात धुवा, मग मोजे चढवा. आत गेल्यावर आशा नको, नुसतं काम करा." सात इंजिनिअरांनी शाळेतल्यासारख्या माना हलवल्या. बाहेरची माणसं आलीच नाहीत. वाल्फ्रे यांनी माफी मागितली नाही, पण पहिला हात पान्याला त्यांनीच लावला.

तिनं तो गुडघा शेवटचा पुसला, एकेक घडी एकदाच, एकाच दिशेनं. मग फोस्कानं बोळा फिरवला. चौथ्या दिवशी फोस्का काचेची बशी हातात घेऊन धावतच आली. बशी स्वच्छ होती.

बारा जूनला ट्रक आला. सगळे फाटकाशी धावले. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी रडत होतं. एर्सीलियानं मोठी पेटी दारातून बाहेर पडताना बघितली, ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितली. मग ती एकटीच आत, कपडे बदलायच्या खोलीत आली. पाना इतक्या हातांनी चकचकीत झाला होता. देल्फीनोच्या हातात असताना कधी एवढा चमकला नसेल. तिनं तो मुठीत धरला.

"गेली रे," ती म्हणाली. "आत्ता गेली. त्या वेळी नव्हती गेली, मी खोटं बोलले. तू 'सुटलीस' म्हणालास ना, ते आत्ता."

दारात चाहूल लागली. वाल्फ्रे उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"सिन्योरा," ते घुटमळत म्हणाले, "पाना तुमचा आहे, तुम्ही घरी न्यायलाच हवा. पण अजून रॉकेट उडायचंय. मग सात महिन्यांचा प्रवास. मग ते पॅराशूट..."

एर्सीलियानं पाना परत खिळ्याला अडकवला आणि बाहीनं डोळे पुसले. "राहू दे इथंच," ती म्हणाली. "त्याला सवय आहे वाट बघायची."

तिथून ती सरळ गौदेन्झिओकडे गेली. आज त्यानं विचारलं की एकच शब्द त्याच्या तोंडावर मारायचा, हे तिनं वाटेत ठरवून ठेवलं होतं. ती काउंटरशी उभी राहिली. गौदेन्झिओनं कप पुढे केला, फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "काय सिन्योरा, साखर एक की दोन?"