चावी हरवलेली नाही

संसद सरकारला जाब विचारते की नाही, यावर थोरामोठ्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. त्यांतली काही मी वाचलीही. पण तो जाब प्रत्यक्षात देतं कोण, हे कुठेच सापडलं नाही. एकदा तो मी दिला होता.

सत्तरच्या दशकात मी चाकणच्या बाजूला एका लहानशा पोस्टात कारकून होतो. आमच्या हद्दीतल्या एका वाडीत लिंबाच्या झाडाला टपालपेटी टांगलेली होती. एके दिवशी पोस्टमन पेटीला कुलूप लावत असताना कुणीतरी त्याच्या हातात चार पत्रं दिली. त्यानं ती फटीतून आत टाकली, आणि त्यांच्याबरोबर चावीही. वर कळवावं तर सर्व्हिस बुकात नोंद होणार, म्हणून गडी गप्प बसला. पेटी लाल होती, तोंड उघडं होतं. लोक पत्रं टाकत राहिले.

त्यात आबांचं एक पाकीट होतं. आबा वाडीतले जुने शेतकरी. मुलीला चिंचवडच्या एका फिटरचं स्थळ आलं होतं आणि आबांनी होकार कळवला होता. दोन महिने उत्तर नाही. सायकलवर टांग टाकली असती तर दुपारपर्यंत विचारून परत येता आलं असतं. पण मुलीच्या बापानं होकार दोनदा कळवला, की पोरगी जड झाली म्हणतात. मुलाकडचे आता दुसरीकडे बघताहेत, असंही कानावर येत होतं.

शेवटी आबांनी पोस्टमनला गाठलं. त्यानं चावी हरवल्याचं कबूल केलं, आणि नेमके त्याच आठवड्यात रस्त्याखालच्या एका मोरीच्या उद्घाटनाला खासदार आले. आबांनी चावीची गोष्ट त्यांच्या कानावर घातली. खासदार विरोधी पक्षाचे होते. त्यांना एवढं पुरलं.

प्रश्न दिल्लीत विचारला गेला आणि एकेक पायरी उतरत माझ्या टेबलावर आला. प्रत्येक पायरीवर त्याला एक ‘तातडीचे’ चिकटलं होतं. अमुक वाडीतील टपालपेटीची चावी हरवली, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय? सरकारने कोणती कारवाई केली?

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. “चावी कुठंय?”

“पेटीत.”

“म्हणजे कुठंय ते आपल्याला माहीत आहे. मग हरवली कशी म्हणायची?”

मी लिहिलं: नाही. पुढचे प्रश्न उद्भवत नाहीत. माझं उत्तर एकही शब्द न बदलता वर चढलं आणि मंत्र्यांनी ते सभागृहापुढे ठेवलं.

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ते छापून आलं, तसे आबा पेपर घेऊन हजर. “सायेब, सरकार म्हनतंय चावी हाय. मंग उघडा की.”

पोस्टमास्तरांनी त्यांना शांतपणे समजावलं. नवी चावी मागावी, तर मंत्री खोटे पडतात. कुलूप तोडावं, तर चावी असताना का तोडलं, याचा खुलासा द्यावा लागतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन पुतण्यांना घेऊन पेटीच उचलून आणली. काउंटरसमोर उलटी धरून हलवली. आधी पत्रं पडली, मग चावी, मग एक पाल.

आबांच्या पाकिटावर मी शिक्का उचलला, तसा त्यांनी माझा हात धरला. “आजची तारीख नगं. इतके महिने इचार करीत बसलो म्हनतील.”

मागची तारीख मारणं गुन्हा होता. लोकसभेला दिलेलं उत्तर मात्र गुन्ह्यात बसत नव्हतं. मी सुचवलं, पेपरातलं कात्रण पाकिटात घाला.

“ह्यात तर हरवली न्हाई म्हनलंय,” आबा म्हणाले. “आमीच खोटं ठरू.”

दुसरा उपाय नव्हता. त्यांनी कात्रण आत घातलं, मी डिंक लावून पाकीट पुन्हा बंद केलं.

आठवडाभरात उत्तर आलं. आबांना वाचता येत होतं, तरी त्यांनी ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मुलाच्या वडिलांनी लिहिलं होतं: “चावी हरवली नाही असं सरकारनं लोकसभेत सांगितलं, तेव्हाच ती हरवली होती याची आमची खात्री पटली. तारीख काढावी.”